पीटर वेल्स यांचा ‘बफेलो’ हा बँड आपल्या यादीत का नाही? ‘आरिया’ला खुले पत्र

प्रति,
ऑस्ट्रेलियन रेकॉर्डिंग इंडस्ट्री असोसिएशन अर्थात ‘आरिया’चे संचालक मंडळ,
तसेच आरिया हॉल ऑफ फेमसाठी निवड करणारे सर्व सदस्य, सिडनी

विषय : सिडनीच्या ‘बफेलो’ (१९७१ ते १९७७) या बँडचा हॉल ऑफ फेममध्ये समावेश करण्याबाबत

सन्माननीय सदस्यहो,

हे पत्र मी मराठीत लिहीत आहे आणि त्याचा इंग्रजी तर्जुमा आपल्या कार्यालयाच्या पत्त्यावर स्वतंत्रपणे पाठवत आहे. मराठीत अशासाठी, की मनाला लागलेली गोष्ट मला याच भाषेत नीट मांडता येते. दुसरे असे, की सिडनी-मेलबर्नपासून पुण्या-मुंबईपर्यंत रॉक संगीत जीव लावून ऐकणारे जे मराठी लोक आहेत, त्यांतल्या बहुतेकांना एसी/डीसी हा ऑस्ट्रेलियन रॉक बँड तोंडपाठ आहे, पण त्याच शहरात एसी/डीसीच्या आधी दोन रेकॉर्ड काढून मोकळ्या झालेल्या बफेलोचे नाव त्यांच्या कानांवरूनही गेलेले नाही. यात त्यांचा दोष नाही. देशाच्या ध्वनिमुद्रित संगीतातल्या मानकऱ्यांची नोंद ठेवण्याचे काम ज्या संस्थेने आपणहून अंगावर घेतले, तिच्याच यादीत हे नाव नसेल तर बाहेरच्या माणसाला ते कळावे कुठून?

माझा या प्रकरणाशी संबंध काय, हे आधी सांगतो. मी मिरजेचा. सतार आणि तानपुरे घडवणाऱ्यांच्या गल्लीपासून थोड्या अंतरावर माझ्या वडिलांचे लाउडस्पीकर दुरुस्तीचे दुकान होते. उरूस, लग्नसराई आणि गणपती या तिन्ही हंगामांत तिथे कर्णे आणि ॲम्प्लिफायर यांची रास लागलेली असे, आणि डाख लावायला मी तिथेच शिकलो. मिरजेत खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांना जाऊन कितीतरी वर्षे झाली, ते १९३७ साली गेले, तरी दर्ग्याच्या आवारात त्यांच्या नावाने आजही गाणे होते आणि मोठमोठे गवई तिथे हजेरी लावणे हा आपला मान समजतात. आधीच्या माणसाचे नाव घेतल्याशिवाय आपले गाणे पुढे न्यायचे नाही, हे मी पुस्तकात वाचलेले नाही, लहानपणापासून डोळ्यांनी पाहिलेले आहे. गेली वीसहून अधिक वर्षे मी पश्चिम सिडनीत राहतो आणि घरामागच्या शेडमध्ये जुने व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारे, गिटार-ॲम्प दुरुस्त करतो. लेनार्ड, गोल्डनटोन, व्हेस अशी इथल्याच मातीतली नावे असलेली धुडे माझ्याकडे येतात. कोणाचा ट्रान्सफॉर्मर जळालेला असतो, कोणाच्या स्पीकरचा कागद फाटलेला असतो, आणि आत पन्नास वर्षांची धूळ साचलेली असते.

असाच एक ॲम्प घेऊन काही वर्षांपूर्वी एक निवृत्त ट्रकचालक माझ्याकडे आले. दुरुस्ती झाल्यावर आवाज तपासायला काय लावू, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी गाडीतून एक रेकॉर्ड आणली आणि स्वतःच्या हाताने तबकडीवर ठेवली. ती बफेलोची १९७३ सालची ‘व्हॉल्कॅनिक रॉक’ होती. पहिल्या बाजूचे पहिले गाणे ‘सनराइज’ सुरू झाले आणि शेडच्या पत्र्यावर टांगलेले पाने थरथरू लागले. नुसत्या मोठ्या आवाजाने असे होत नाही, मोठा आवाज मी जन्मभर ऐकलेला आहे. इथे बास आणि गिटार एकमेकांना चिकटून, एकाच जड पावलाने चालत होते आणि ड्रम त्यांना मागून रेटत होते. त्या गृहस्थांनी कानाकडे बोट नेले नाही. छातीच्या मध्यावर बोट ठेवून ते म्हणाले, तेव्हा इथे लागायचे. तरुणपणी त्यांनी हा बँड समोर उभे राहून ऐकला होता. नंतर त्यांनी मला विचारले, की तुम्ही लोक संगीताचा इतका मान ठेवता, मग आमच्या या पोरांना आमच्याच लोकांनी मान का दिला नसेल? मला उत्तर देता आले नाही. ते उत्तर देण्याची जबाबदारी आपली आहे, म्हणून हा प्रश्न मी आपल्यापुढे ठेवत आहे.

आता बँडविषयी. ब्रिस्बेनमधल्या ‘हेड’ या बँडचे गायक डेव्ह टाइस आणि बासवादक पीटर वेल्स सिडनीत आले आणि १९७१ मध्ये बफेलो उभा राहिला. गिटारवर जॉन बॅक्स्टर होते, सुरुवातीला टाइस यांच्या जोडीला ॲलन मिलानो हे दुसरे गायक होते आणि ड्रमवर पॉल बाल्बी होते. १९७२ साली ‘डेड फॉरएव्हर’ ही पहिली रेकॉर्ड निघाली, ती व्हर्टिगो या लेबलवर. व्हर्टिगो म्हणजे ज्याने ब्लॅक सॅबथला जगापुढे आणले ते लेबल, आणि त्याच्याशी करारबद्ध झालेला पहिला ऑस्ट्रेलियन बँड म्हणजे बफेलो. त्या रेकॉर्डमध्ये अजून चाचपडणे आहे. निम्मे पाऊल ब्लूजमध्ये आहे, दुसऱ्यांची गाणीही आहेत. फ्री या इंग्रजी बँडचे ‘आय ॲम अ मूव्हर’ त्यांनी इतके लांबवले आहे, की ऐकणाऱ्याचा संयम संपावा. पण पुढच्याच वर्षी मिलानो बाजूला झाले होते, ड्रमवर जिमी इकॉनॉमू आले होते, आणि चौघांचा जो घट्ट बँड झाला त्याने ‘व्हॉल्कॅनिक रॉक’ केली.

या एका रेकॉर्डपाशी मला थोडे थांबू द्यावे, कारण माझ्या मागणीचा सगळा भार तिच्यावर आहे. ‘फ्रीडम’ हे गाणे सुमारे नऊ मिनिटे चालते आणि त्यात घाई अशी कुठेच नाही. बॅक्स्टर एक साधा, जाडजूड गिटारचा तुकडा घेतात आणि तो पुन्हा पुन्हा फिरवत राहतात, जसा एखादा गवई एकच जागा वेगवेगळ्या बाजूंनी दाखवतो. वेल्स यांचा बास गिटारच्या खाली दबलेला नाही, तो पुढे येऊन बोलतो. टाइस यांच्या आवाजाला धार आहे, पण ते किंचाळत नाहीत, घशाच्या तळातून गातात. दुसऱ्या बाजूला ‘द प्रॉफेट’ आहे आणि शेवटी ‘पाउंड ऑफ फ्लेश’ या वाद्यमेळातून ‘शायलॉक’मध्ये उडी आहे, तेव्हा आत्तापर्यंत रेंगाळणारा बँड अचानक धावत सुटतो. ॲम्प दुरुस्त करणारा माणूस म्हणून एवढे खात्रीने सांगू शकतो, की हा आवाज नंतर यंत्रांनी फुगवलेला नाही. वाजवणाऱ्यांनीच तो तसा काढला आहे, व्हॉल्व्ह तापून लाल होईपर्यंत. संथ, जड, एकाच तुकड्याभोवती घुमणारे रॉक पुढे जगभर एक वेगळी शैली म्हणून मान्य झाले. ऑस्ट्रेलियात ते १९७३ मध्ये झालेले होते.

त्या वर्षाचे महत्त्व आपल्याला मी वेगळे सांगायला नको. एसी/डीसीने सिडनीच्या चेकर्स क्लबात पहिल्यांदा वाजवले ते ३१ डिसेंबर १९७३ च्या रात्री. आपण १९८८ साली हॉल ऑफ फेम सुरू केलात तेव्हा पहिल्याच तुकडीत एसी/डीसीला बसवलेत, आणि ते योग्यच होते. त्यांच्याविषयी माझी कसलीही तक्रार नाही, घरात त्यांच्या रेकॉर्ड आहेत. पण ते पहिल्यांदा मंचावर उभे राहिले तेव्हा बफेलोच्या दोन रेकॉर्ड दुकानांत होत्या. ज्या शहरात जड रॉक ऐकणारे लोक तयार व्हायचे होते, तिथे ते तयार करण्याचे काम आधी कोणीतरी केले होते, आणि ज्यांनी केले त्यांत बफेलो पुढे होता.

माझी पहिली तक्रार पीटर वेल्स यांच्या संदर्भात आहे आणि ती मला सर्वांत जास्त टोचते. वेल्स १९७६ मध्ये बफेलो सोडून निघाले, बास खाली ठेवून त्यांनी स्लाइड गिटार उचलली आणि रोझ टॅटू हा बँड उभा केला. १९७८ ची त्यांची पहिली रेकॉर्ड हॅरी व्हँडा आणि जॉर्ज यंग या निर्मात्यांच्या जोडीने केली. पुढे अमेरिकेत गन्स एन रोझेस या बँडने त्यांचे ‘नाइस बॉइज’ स्वतः वाजवले. आपण १६ ऑगस्ट २००६ रोजी मेलबर्नच्या रीजंट थिएटरमध्ये रोझ टॅटूला हॉल ऑफ फेममध्ये घेतलेत. वेल्स मात्र त्याच वर्षी २७ मार्चला कर्करोगाने गेले होते. पाच महिने आधी हा निर्णय झाला असता तर सन्मान त्यांच्या हातात पडला असता. आणि त्या सन्मानातही त्यांची कथा १९७६ पासूनच सुरू होते. जणू त्याआधीची पाच वर्षे, व्हर्टिगोवरच्या रेकॉर्ड, लोकांच्या छातीवर आदळणारा तो बास, हे सगळे दुसऱ्याच कोणा वेल्स यांचे होते. एका माणसाच्या कामाचा उत्तरार्ध मानाचा आणि पूर्वार्ध नोंदीलाही पात्र नाही, हे मला कोणत्याही निकषाने पटत नाही.

त्याच रात्री आपण गिटारवादक लॉबी लॉइड यांना घेतलेत. ते आजारी होते आणि २१ एप्रिल २००७ रोजी गेले, पण जाण्याआधी त्यांना आपल्या कामाची पावती मिळाली. म्हणजे वेळेवर निर्णय घेणे आपल्याला जमते. मग बफेलोच्या बाबतीत पन्नास वर्षे उलटून गेल्यावरही ते का जमू नये?

दुसरी तक्रार मोजमापाची आहे. बफेलोचे एकही गाणे मोठे हिट झाले नाही, हे कारण मला अनेकांनी ऐकवले आहे. ते खरेच आहे, मी नाकारत नाही. पण त्या काळात गाणे हिट होण्याची वाट कोणती होती, हेही त्याच वेळी पाहायला हवे. १९७२-७३ मध्ये सिडनीतल्या तरुणांसाठी व्यापारी एएम रेडिओ होता आणि नऊ मिनिटांच्या जड गाण्याला तिथे दार बंद होते. ‘काउंटडाउन’ हा दूरचित्रवाणीचा कार्यक्रम नोव्हेंबर १९७४ मध्ये सुरू झाला. वेगळे संगीत मुद्दाम लावणारे डबल जे हे सरकारी रेडिओ केंद्र सिडनीत १९ जानेवारी १९७५ ला सुरू झाले. तोवर बफेलोचे उत्तम काम होऊन गेले होते. ‘ओन्ली वाँट यू फॉर युअर बॉडी’ ही तिसरी रेकॉर्ड १९७४ ची. तिच्यात गाणी आखूड झाली आहेत, धार आणखी वाढली आहे, आणि ‘किंग्ज क्रॉस लेडीज’सारख्या गाण्यात सिडनीतला किंग्ज क्रॉस हा भाग थेट नावानिशी येतो. रस्ता बांधला जाण्याआधी जे चालत गेले, त्यांना किती मोटारी भेटल्या यावरून त्यांची किंमत ठरवणे बरोबर नाही.

रेकॉर्डच्या कव्हरांबद्दलही मी गप्प बसणार नाही, कारण आपल्यापैकी काहींच्या मनात तोच अडसर असेल असे मला वाटते. ‘व्हॉल्कॅनिक रॉक’च्या कव्हरवर ज्वालामुखीलाच बाईच्या देहाचा आकार दिलेला आहे आणि तिसऱ्या रेकॉर्डच्या कव्हरवर साखळदंडात जखडलेली बाई आहे. माझ्या मुलीने ती दोन्ही कव्हरे पाहिली आणि सरळ विचारले, हे तुम्हाला चालते? नाही चालत. ती चित्रे त्या काळीही खटकणारी होती आणि आज अधिक खटकतात. बायकांच्या देहाकडे पाहण्याची ती तऱ्हा मला मान्य नाही, आणि तीच तऱ्हा काही गाण्यांच्या शब्दांतही आहे. पण आपल्या यादीत सत्तरच्या दशकातली अशी पुष्कळ नावे आहेत ज्यांचे सगळे शब्द आज कोणी छातीवर हात ठेवून वाचून दाखवणार नाही. तेव्हा ही गोष्ट अडसर म्हणून मनात ठेवू नये, सन्मान करताना उघड बोलावी. मी माझ्या मुलीशी तेच केले. ती आजही कव्हर उलटे करून ठेवते आणि रेकॉर्ड ऐकते.

तिसरी तक्रार आपल्या एका निर्णयाबद्दल आहे. २००५ ते २०१० या काळात हॉल ऑफ फेमचा सोहळा आपण स्वतंत्र भरवत होता आणि एकेका वर्षी अनेक जणांना घेत होता. रोझ टॅटू, लॉबी लॉइड, डॅडी कूल, डिव्हिनिल्स, आइसहाउस ही सगळी एकाच वर्षाची, २००६ ची नावे आहेत. रेडिओ बर्डमन हा बँड २००७ मध्ये आला, तोही हिट गाण्यांच्या जोरावर नाही. म्हणजे लोकप्रिय नसले तरी ज्यांनी वाट पाडली अशांना जागा देण्याची पद्धत आपल्याकडे होती. २०११ पासून तो सोहळा पुन्हा वार्षिक पुरस्कारांच्या कार्यक्रमात घातला गेला आणि तेव्हापासून बहुतेक वर्षी एकच नाव घेतले जाते. दूरचित्रवाणीवरच्या कार्यक्रमात एकच जागा असेल तर ती घराघरांत पोहोचलेल्या नावाला जाणार, हे उघड आहे. कायली मिनोग किंवा क्राउडेड हाउस यांच्यासमोर बफेलोचे नाव कोणत्याही वर्षी टिकणार नाही. दार इतके अरुंद केल्यावर आत कोण येत नाही यावरून त्याची लायकी ठरत नाही.

चौथी गोष्ट लहान आहे, पण नमूद करतो. आपल्या संस्थेचे काम इतरांनी केले आहे. मेलबर्नच्या ॲझ्टेक म्युझिक या रेकॉर्ड कंपनीने, म्हणजे बिली थॉर्प यांच्या ॲझ्टेक्स या बँडमध्ये ड्रम वाजवणाऱ्या गिल मॅथ्यूज यांनी, २००५ पासून बफेलोच्या जुन्या रेकॉर्ड निगुतीने पुन्हा काढल्या. परदेशातले संग्राहक मूळ प्रतींसाठी भरमसाट पैसे मोजतात. कोणी एक दूरचे युरोपी संग्राहक माझ्या शेडमध्येही फोन करून विचारतात, की मूळ प्रत कुठे मिळेल का. जगाने बफेलोला शोधून काढले. ज्यांनी शोधायला हवे होते ते अजून निघालेले नाहीत.

यापुढची कथा लवकर संपते. तिसऱ्या रेकॉर्डनंतर बॅक्स्टर बँडमध्ये राहिले नाहीत, आणि त्यांच्याबरोबर तो आवाजही गेला. १९७६ ची ‘मदर्स चॉइस’ आणि १९७७ ची ‘ॲव्हरेज रॉक अँड रोलर’ या दोन रेकॉर्डमध्ये बँड सोप्या रस्त्याला लागला. त्या मला आवडत नाहीत आणि त्यांच्यासाठी मी आपल्याकडे काही मागत नाही. टाइस इंग्लंडला जाऊन द काउंट बिशप्स या बँडमध्ये गाऊ लागले आणि १९७७ मध्ये बफेलो संपला. माझी मागणी पहिल्या तीन रेकॉर्डवर उभी आहे, आणि कोणत्याही बँडसाठी तीन रेकॉर्ड पुरेशा आहेत.

आपल्याकडे माझ्या मागण्या अशा आहेत. बफेलोला पुढच्या सोहळ्यात हॉल ऑफ फेममध्ये घ्यावे, आणि घेताना टाइस, वेल्स, बॅक्स्टर, इकॉनॉमू, बाल्बी आणि मिलानो या सगळ्यांची नावे लिहावीत. फक्त गाजलेल्या एका नावावर काम भागवू नये. पीटर वेल्स यांच्याविषयी आपण जिथे जिथे लिहिले असेल तिथे बफेलोमधली वर्षेही यावीत. हॉल ऑफ फेमसाठी नावे कोण सुचवते, कोण निवडते आणि कोणत्या कसोटीवर निवडते, हे सामान्य श्रोत्याला समजेल अशा भाषेत जाहीर करावे आणि श्रोत्यांनाही नाव सुचवण्याची सोय द्यावी. स्वतंत्र सोहळा दरवर्षी परवडत नसेल तर दोन-तीन वर्षांतून एकदा भरवावा आणि त्यात लोकप्रियतेपलीकडच्या नावांसाठी जागा राखून ठेवावी. शेवटचे म्हणजे, त्या काळच्या मूळ ध्वनिफिती आपल्या ज्या सदस्य कंपन्यांकडे असतील, त्यांना त्यांची यादी करून त्या नीट जपायला सांगावे. जुन्या फितीचे काय होते हे मी रोज पाहतो. तिच्यावरचा लेप सुटू लागला, की तो मशीनच्या डोक्यावर तपकिरी भुगा होऊन साचतो, आणि तो भुगा म्हणजेच गाणे असते.

यातली एकही मागणी पैशाची नाही. माझा या बँडशी व्यवहाराचा कसलाही संबंध नाही, त्यातल्या कोणालाही मी भेटलेलो नाही, आणि या पत्रामुळे माझ्या शेडमध्ये एक ॲम्प जास्त यावा असाही हेतू नाही. आपण ‘नाही’ म्हणालात तरी चालेल, पण ते कारणासह आणि लेखी म्हणावे. त्या कारणावर मग लोकांना बोलता येईल.

ज्या ट्रकचालक गृहस्थांनी ती रेकॉर्ड आणली होती, ते गेल्या हिवाळ्यात वारले. त्यांच्या मुलाने ॲम्प स्वतःकडे ठेवला आणि रेकॉर्ड मला दिली. तिच्या पहिल्या बाजूवर एक लांब ओरखडा आहे, तो नेमका ‘सनराइज’च्या सुरुवातीला लागतो, पण सुई उडत नाही. निवड समितीच्या बैठकीत ही रेकॉर्ड ऐकायची असेल तर मला वेळ आणि जागा कळवावी. टर्नटेबल, ॲम्प आणि स्पीकर मी स्वतः घेऊन येईन. ‘फ्रीडम’ लावल्यावर ते मध्येच बंद करू नये, एवढीच विनंती आहे.

आपला नम्र,
एक श्रोता आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा
पश्चिम सिडनी